मालिनी टीचरांचा तह

"अथेन्सवाल्यांचं चुकलंच गो. गावाभोवती एवढा तट बांधायचा होता, तर आधी स्पार्टावाल्यांच्या कानावर तरी घालायचं!"

मालिनी टीचरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. डिचोलीच्या शाळेत मी गणित शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मधली सुट्टी होती, स्टाफरूममध्ये समोर पातळ भाजी आणि पाव, आणि ह्या ठेंगण्या, जाड चष्म्याच्या बाई शेजारच्या घरातली कुरबुर सांगावी तशा मला हे सांगत होत्या. मी विचारलं, "कुठे राहतात ही माणसं?"

"ग्रीसमध्ये," पाव भाजीत बुडवत त्या म्हणाल्या. "कधीच मेली सगळी. पण भांडण बघ कसं ताजं आहे."

पुस्तकात ग्रीसला जेमतेम दीड पान होतं. टीचर त्यावर इतके तास घालवायच्या की मुख्याध्यापक वर्गाबाहेरून मुद्दाम खोकत जायचे. "इराणचा राजा चालून आला तेव्हा हे दोघे एकत्र लढले," त्या मुलांना सांगायच्या. "राजा परत गेला. मग एकमेकांकडे बघायला सवड मिळाली आणि तिथेच घोटाळा झाला. अथेन्सची जहाजं वाढली, पैसा वाढला, ऐट वाढली. स्पार्टाची झोप उडाली. बाबांनो, युद्ध भाल्यानं सुरू होत नाही. 'त्यांचं हल्ली बरंच चाललंय' ह्या वाक्यानं सुरू होतं."

एकदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, पण चूक कोणाची?"

"चूक शोधायला बसलीस की तूसुद्धा कुणाच्या तरी बाजूला गेलीस. कोण कशाला घाबरलं होतं, ते शोध."

मला हे सगळं फार आवडायचं. टीचरांचं स्वतःचं स्पार्टा आणि अथेन्स मांद्र्याला, त्यांच्या गावी आहे, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं.

टीचरांनी लग्न केलं नव्हतं. डिचोलीत त्या भाड्याच्या खोलीत राहायच्या. मांद्र्याला समुद्राजवळ त्यांच्या दोघा धाकट्या भावांची गेस्ट हाऊसं होती. मधला सदू, शेंडेफळ विनू. सुरुवातीला दोघांनी मिळून एकच गेस्ट हाऊस काढलं होतं. मग वाटणी झाली, मध्ये कुंपण आलं. विनूनं वरचा मजला चढवला आणि गच्चीवर रंगीत दिवे सोडले. सदूनं त्याहून मोठे दिवे आणले. इंटरनेटवर सदूच्या न्हाणीघरात बेडूक असल्याचं कुणीतरी लिहिलं, आणि तो कुणीतरी म्हणजे विनूच, अशी सदूची खात्री पटली. टीचरांना फोनवर तो म्हणाला, "ताई, विनूचं हल्ली बरंच चाललंय."

टीचरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

पुढच्याच आठवड्यात सदूनं किनाऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर फाटक बसवलं. वाट त्याच्या वाटणीत गेली होती. विनूच्या पाहुण्यांना आता समुद्रावर जायला सबंध वस्तीला वळसा पडायचा. "मेगारा झालं गो!" टीचर स्टाफरूममध्ये येता येताच म्हणाल्या. मेगारा हे ग्रीसमधलंच एक छोटं शहर. अथेन्सनं त्यांच्या व्यापाऱ्यांना आपली बंदरं आणि बाजार बंद केले होते, आणि त्यानंतर गोष्टी हाताबाहेर गेल्या होत्या.

त्या रविवारी त्या मला सोबत घेऊन मांद्र्याला गेल्या. दोघा भावांना माडाखाली खुर्च्यांवर बसवून त्यांनी अथेन्स-स्पार्टाची अख्खी हकिकत सांगितली. दोघांनी मन लावून ऐकली.

"म्हणजे अथेन्स मी," विनू म्हणाला.

"तू कसा? अथेन्स मी," सदू म्हणाला. "थोरला मी आहे."

"वरचा मजला कुणाचा?"

"फाटक कुणाचं?"

स्पार्टा व्हायला कुणीच तयार नव्हतं. तहाची बोलणी तिथेच मोडली. उठता उठता विनू म्हणाला, "ताई, यंदा चवथीला मी माझा गणपती वेगळा आणतोय." सदू फाटकाकडे बघत राहिला. आमच्याकडे गणपती वेगळा झाला म्हणजे घर खरंच फुटलं. परतीच्या बसमध्ये टीचर खिडकीबाहेर बघत होत्या. डिचोली येईपर्यंत त्यांनी ग्रीसचं नाव काढलं नाही.

चवथ जवळ आली तेव्हा दोन्ही घरांतून त्यांना बोलावणं आलं. त्यांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "मी कुणाकडेच येणार नाही. माझा गणपती मी डिचोलीत आणतेय."

आदल्या दिवशी सकाळी मी माटोळी बांधायला मदत करायला त्यांच्या खोलीवर गेले. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळं, फुलं, रानवेली बांधतात, ती माटोळी. आमचं निम्मं काम झालं होतं तोच सदू आला, नारळांचा घड घेऊन. "ताई, चल घरी," एवढं तो म्हणतोय तोवर रिक्षातून विनू उतरला. त्याच्याकडे नारळांचा त्याहून मोठा घड होता, शिवाय सुपारीचा घोस. सदूनं ते बघितलं, आणि काही न बोलता बाजारात जाऊन केळ्यांचा आख्खा घड घेऊन आला.

दोघांनीही आपापलं सामान माटोळीला बांधलं. चौकट करकरली, एका बाजूची दोरी सुटली आणि सगळं खाली यायला लागलं. "धरा!" टीचर ओरडल्या. दोघा भावांनी दोन बाजूंनी ती वरच्यावर झेलली. आता हात वर, तोंडं समोरासमोर, आणि मध्ये केळ्यांचा घड.

टीचर दोरी घेऊन स्टुलावर चढल्या आणि थांबल्या.

"बांध गो ताई," सदू म्हणाला.

"बांधते. आधी फाटकाचं बोल."

"हे काय बोलायची वेळ?"

"माझ्या हातात दोरी आहे तोवर हीच वेळ."

विनूचे हात थरथरायला लागले. लहानपणी तो आंब्यावरून पडला होता, त्याचा उजवा खांदा अजून दुखायचा. मला ते ठाऊक नव्हतं. सदूला होतं. तो एक पाऊल पुढे सरकला, चौकटीखाली मधोमध उभा राहिला आणि सगळा भार त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतला.

"तू सोड रे. तुझो खांदो दुखता. हांव धरतां."

विनूनं सोडलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "ते बेडकाचं मीच लिहिलं होतं. काढून टाकतो."

"बेडूक होता तिथे," सदू म्हणाला. "फाटक उद्या काढतो."

"आणि गणपती?" टीचरांनी विचारलं.

"एकच," दोघेही म्हणाले.

टीचरांनी गाठ मारली. सगळ्यांनी चहा घेतल्यावर मी विचारलं, "पण टीचर, तुमच्या मूर्तीचं काय? कुठल्या मूर्तिकाराच्या चित्रशाळेत सांगितलीय?"

"कसली मूर्ती?" त्या म्हणाल्या. "मी कुठेच सांगितली नव्हती. चला, माटोळी सोडा. मांद्र्याची बस चुकेल."

मागच्या वर्षी टीचर निवृत्त झाल्या आणि मांद्र्याला राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी भाषण करायला उभ्या राहिल्या, पण चष्मा पुसत तशाच खाली बसल्या. मे महिन्यात मी त्यांना भेटायला गेले, तर बाई चांगल्याच गुटगुटीत झालेल्या. मी हसले. त्या म्हणाल्या, "हसतेस काय? सदूकडे बाराला जेवते, विनूकडे एकला. एकाकडे कमी खाल्लं की दुसऱ्याकडे काय खाल्लं ते विचारतात."

तेवढ्यात विनूच्या घरातून हाक आली. टीचरांनी उसासा टाकला, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "चल, तूपण ये. आज माशाचं हुमण आहे. मला एकटीला झेपायचं नाही."