मुंगीची परीक्षा

साठ सालाच्या आसपास पुसदच्या बसथांब्यावर ती भेटली. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली, तांड्यावरची म्हातारी. माझ्या तान्ह्याला दूध ओढता येत नव्हतं, थोडं गेलं तरी नाकातून बाहेर यायचं. सासूबाईंनी माझं दूध वाटीत काढून त्यात मुंगी टाकली होती. मुंगी मेली, दूध विषारी ठरलं.

हे ऐकून म्हातारी भडकली. तांब्यातल्या पाण्यानं हात धुऊन तिनं बाळाच्या तोंडात बोट फिरवलं.

"टाळूले भोक हाय याच्या. तुह्या दुधाले कायले नावं ठेवतेत? दूध काढ, उभं धरून चमच्यानं पाज. अन् मुंगी तं पाण्यातही मरते, पोरी!"

घरी सासूबाई पुन्हा वाटी घेऊन आल्या. मी त्यांच्यापुढे पाण्याची वाटी ठेवली.

"आधी यात टाका."