आईला दिलेलं ‘हव’

आमच्या घरात मराठी बोलतात, पण ‘हो’ कोणी म्हणत नाही. ‘हव’ म्हणतात. छत्तीसगढीतला हा होकार रायपुरात राहून राहून आमच्या जिभेवर कधी बसला, देव जाणे. भाजीवाल्या भैयाने भाव सांगितला की ‘हव’, म्हणजे ऐकलं, घेईनच असं नाही. शेजारची दीदी सासूचं गाऱ्हाणं सांगते तेव्हाचं ‘हव’ म्हणजे चालू दे तुझं. ‘हव हव’ असं दोनदा आलं की समजायचं, हे काम आज काही होत नाही. आणि दुसऱ्या खोलीतून हाक आली की आधी ‘हव’ ठोकून द्यायचं, लक्ष मग द्यायचं. हे शेवटचं मी रोज करायची.

त्या सकाळीही केलं. ऑफिस तेलीबांध्याला, पण त्या दिवशी काम घरून होतं. लॅपटॉपवर मीटिंग, साहेब माझ्याच फाईलवर घसरलेले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “बाई, ये बरं जरा. मले कसंतरी होऊन राहिलं.”

“हव!” मी म्हटलं आणि बसून राहिले. ऐकू आलं होतं, खोटं कशाला बोलू? पित्त झालं असेल म्हटलं, पाच मिनिटांत जाऊ. पाचाची वीस झाली.

गेले तर आई ओट्याला टेकून खाली बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. गॅस मात्र आठवणीने बंद केला होता. तिने दुसरी हाक मारलीच नव्हती. समोरच्याने एकदा हव म्हटलं की पुन्हा हाका मारायच्या नाहीत, माणूस येतो, ही तिचीच शिस्त. लहानपणी आम्हाला याच्यावरून धपाटे पडलेत.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

आता ती धरून धरून चालते. उजवा हात लुळा आहे. बोलणं गेलं, एक शब्द तेवढा उरला. हव. अगं आई, दुसरा कोणताही चालला असता, तोच काहून?

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा गार होतो, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी तिच्या दारापर्यंत येरझारा घालते. एकदा न राहवून विचारलं, “रागावली का माझ्यावर?”

“हव.”

“नाही ना रागावली?”

“हव.”

सांगा आता, काय समजायचं माणसाने!

हाक मारायलाही तिच्याकडे तोच शब्द. काल दुपारी तीनदा मारली, तीनदा मी धावले. पाणी दिलं तर डाव्या हाताने सारलं, उशीही सारली, बाथरूमला न्यायला गेले तर उठली नाही. तिसऱ्या वेळी मी चिडलेच. “काय लावलं हे? नोकरी घालवशील माझी!”

ती नुसती पाहत राहिली. मी दारात, धापा टाकत, एकाच पायात चप्पल. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“मी येते की नाही, ते पाहून राहिली तू?”

“हव,” आई म्हणाली आणि कूस बदलली.

मी परत जाऊन खुर्चीत बसले. पाच मिनिटं झाली नसतील, पुन्हा हाक आली. मी उठून गेले.