भिंती बारीक, सोफा जाड

नाजिह मला नीट कळला होता असं मी म्हणणार नाही. कितीतरी वर्षं आमची घरं समोरासमोर होती, येता-जाता सलाम व्हायचा, पण त्याच्या चहात साखर किती असायची हेही मला सांगता येणार नाही. गेल्या हिवाळ्यात तो गेला. चाळिसावा दिवस झाल्यावर मला अम्मो, म्हणजे काका, म्हणणारी त्याची बायको फदवा म्हणाली, "अम्मो, मागणी घालायला आलेल्या मंडळींपैकी आता तुम्हीच उरलात. त्या दिवसाचं मुलांसाठी लिहून द्या."

मी म्हटलं, "मला कुठे लिहिता येतं?"

"तुम्हाला बोलताही येत नव्हतं. म्हणून तर नेलं होतं!"

ते खरंच होतं. म्हणून लिहितो आहे. जे मी पाहिलं नाही ते फदवाकडून आणि नाजिहच्या आईकडून ऐकलेलं आहे.

इरबिद शहराच्या बाजारामागे एका इंजिनियरची कचेरी होती, तिथे नाजिह घरांचे नकाशे काढायचा. सुरुवातीला शाईच्या पेनांनी. प्रत्येक जाडीचं पेन वेगळं. ती सगळी शर्टाच्या खिशात रांगेने लावलेली आणि खिशाखाली कायमचा काळा डाग. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आला. बाकीचे कुरकुरले, पण हा खूश झाला आणि त्याच्याहून त्याची आई, कारण तिचं खिसे घासणं सुटलं.

फदवा शाळेत गणित शिकवायची. तिचे वडील अबू सख्र घरं बांधायची कामं घेत. नाजिहची कचेरी तिच्या वाटेवर होती, म्हणून एकदा त्यांनी तिच्या हाती एक नकाशा परत पाठवला. तिने तो नाजिहच्या टेबलावर पसरला.

"बाबांनी विचारलंय, ह्यावरून घर बांधायचं की गालिचा विणायचा?"

नकाशा दुसऱ्याच कुणीतरी काढला होता. सगळ्या रेषा एकाच जाडीच्या, भिंत कुठली आणि कपाट कुठलं काही उमगत नव्हतं. पण 'हा माझा नाही' एवढं म्हणायचंही नाजिहला सुचलं नाही. त्याने तिला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरवर स्वतःचा एक नकाशा उघडून दाखवला.

"इथे पडद्यावर सगळ्या रेषा बारीकच दिसतात, फक्त रंग वेगळे. कुठला रंग किती जाड छापायचा ते एका निराळ्या फाईलमध्ये सांगून ठेवायचं. पांढरी म्हणजे भिंत, ती सगळ्यात जाड. पिवळ्या रंगात दारं-खिडक्या. लाल म्हणजे सोफा, पलंग, त्या बारीक. हिरव्या रेषा फरशीच्या, त्या केसासारख्या."

"म्हणजे कागद हातात येईपर्यंत काय जाड नि काय बारीक ते दिसतच नाही?"

"मला दिसतं."

"आणि माणसं कुठल्या रंगात काढता?"

"माणसं आम्ही काढत नाही."

"मग घर कुणासाठी?"

त्यानंतर अबू सख्रच्या नकाशांत दर आठवड्याला काही ना काही शंका निघू लागली. आपल्याला इतक्या शंका आहेत हे अबू सख्रना मात्र बरेच दिवस ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं तेव्हा ते चिडले नाहीत. बायकांचं आपापसात बोलणं झालं, दोन्हीकडच्या आया राजी झाल्या. अबू सख्रनी एकच गोष्ट अडवून धरली. नाजिहचं घर एकमजली. छतावर खांबांचे गज वर आलेले, वरचा मजला कधीतरी होईल म्हणून सोडलेले. वडील लवकर गेले, मग बहिणींची लग्नं, धाकट्या भावाचं शिक्षण. गज गंजत राहिले आणि नाजिहची आई त्यांच्यावर दोऱ्या बांधून कपडे वाळत घालू लागली.

अबू सख्र नाजिहला म्हणाले, "पोरा, तू चांगला आहेस. पण मी जन्मभर लोकांच्या छतांवरचे गज बघत आलोय. प्रत्येक गजाखाली एक मुलगा बसलेला असतो आणि तो म्हणतो, पुढच्या वर्षी बांधतो. मला तुझा कागद दाखव. बांधायचा कागद, बोलायचा नको."

गावभरची घरं काढणाऱ्या ह्या माणसाने स्वतःचं घर कधी काढलं नव्हतं. आता तो कचेरीतली कामं आटोपून त्यालाच बसू लागला. जिना बाहेरून, म्हणजे सुनेला सासूच्या खोलीतून जा-ये करावी लागणार नाही. आल्या-गेल्यासाठी बैठक वेगळी. त्यात सोफासुद्धा काढला, बैठकीची ऐसपैस जागा दिसावी म्हणून.

मागणीचा शुक्रवार ठरला आणि आदल्या दिवशीच कचेरीतलं छपाईचं यंत्र बिघडलं. शुक्रवारी नमाजानंतर नाजिह नकाशा घेऊन विद्यापीठाजवळच्या छपाईच्या दुकानात गेला. दुकानदाराने कागद छापला, गुंडाळला आणि हातात दिला. घरी आल्यावर बहिणीने वरून रिबीन बांधली. रिबिनीची गाठ इतकी सुरेख बसली की ती सोडून आत बघायची हिंमत कुणाला झाली नाही.

मंडळींचे पुढारी हाज्ज मिफलिह. आवाज खणखणीत, गल्लीतली सगळी लग्नं त्यांच्याच तोंडून ठरलेली. मला न्यायचं नाजिहच्या आईने सुचवलं. "अबू राजीला घ्या. उंच आहे आणि गप्प बसतो." तेव्हा माझे केस काळे होते.

अबू सख्रच्या बैठकीत आम्ही ओळीने बसलो. कॉफी आली. हाज्ज मिफलिहनी आपला पेला रीतीप्रमाणे तसाच समोर ठेवला. होकार मिळेपर्यंत त्याला त्यांचे ओठ लागणार नव्हते, आणि त्यांचे लागेपर्यंत आमचे आमच्या पेल्यांना. मग त्यांनी भाषण केलं, छान केलं, आणि शेवटी फदवाचा हात मागितला.

अबू सख्र म्हणाले, "तुमचा शब्द माझ्या डोक्यावर, हाज्ज. पण आधी तेवढा कागद बघू."

रिबीन सुटली. कागद उलगडला. अबू सख्रनी तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग चष्मा पुसला.

"इंजिनियर, हे काय आहे?" त्यांनी नाजिहला विचारलं.

नाजिहने पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची रंगांची फाईल दुकानात नव्हतीच. दुकानाच्या यंत्राने आपल्या मनाने जाडी दिली होती. सोफा तटबंदीसारखा जाड. फरशीच्या चौकटी तुरुंगाच्या गजांसारख्या. आणि भिंती अशा, की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसू नयेत.

"सोफा दगडाचा दिसतोय," अबू सख्र म्हणाले. "आणि भिंती पडद्याच्या?"

कुणीतरी हसलं. अबू सख्र हसले नाहीत.

"अम्मो, ती फाईल..."

"फाईल बिईल मला नको सांगूस. आमच्या कामावर केसाएवढ्या रेषेचा अर्थ एकच: हे आत्ता नाही, नंतर बघू. म्हणजे पुढच्या वर्षीच ना?"

कॉफी निवायला लागली. हाज्ज मिफलिहनी इतक्या लग्नांत असं कधी पाहिलं नव्हतं; ते नुसते दाढीवरून हात फिरवत राहिले. स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या. फदवा मला नंतर म्हणाली की तिने त्या वेळी ताटाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांवर वळ उठले.

मला वाटलं, नाजिह आता उठून जाईल. मी गेलो असतो. तो उठला खरा, पण दाराकडे न जाता अबू सख्रसमोर गालिच्यावर बसला. अबू सख्रच्या कोटाच्या वरच्या खिशात गवंड्यांची चपटी पेन्सिल होती. सणाचा कोट, तरी पेन्सिल होतीच.

"अम्मो, ती पेन्सिल द्या."

पट्टी नव्हती. त्याने टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा ओढला, त्याची कड लावली आणि बाहेरची भिंत गिरवायला घेतली. रेघ सरळ आली. "ही दगडाची. खालच्या आईच्या खोलीच्या भिंतीवरच बसते. हा खांब इथे, हा इथे."

"थांब, थांब. हा खांब इथे कसा येईल? तुमच्या छतावरचे गज जिन्याकडे सरकलेत की."

नाजिहने वर पाहिलं. "तुम्ही बघितलेत?"

अबू सख्र जरा घुटमळले. "गल्लीतून जाता-येता दिसतात."

आमची गल्ली पुढे बंद आहे. तिथून कुणी कुठे जात-येत नाही.

मग अबू सख्रही कोट सावरत खाली बसले. डबा त्यांनी धरला, रेघ नाजिहने ओढली. थोड्या वेळाने पेन्सिल त्यांच्या हातात होती आणि डबा नाजिहच्या. "स्वयंपाकघर इकडे घे, धूर बैठकीत येईल." "इकडून मोरीचा नळ येतो, अम्मो." "नळ मी फिरवतो, तू काळजी करू नकोस. आणि इथे खिडकी एवढीशी? हिवाळ्यात पोरगी वह्या तपासत उन्हाला बसते. मोठी कर. अजून. तुझी खिडकी आहे का पोस्टाचं तिकीट?"

हाज्ज मिफलिहनी बराच वेळ वाट पाहिली. शेवटी खाकरून म्हणाले, "अबू सख्र, कॉफी आत्ता प्यायची, का घराला रंग लावून झाल्यावर?"

अबू सख्रनी मान वर केली. आपण पाहुण्यांच्या पायाशी बसलो आहोत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

"प्या, प्या! अहो, खिडकी दिली, आता द्यायचं काय राहिलं?"

हाज्ज मिफलिहनी पेला उचलायच्या आधीच आत बायकांनी आनंदाचा गजर केला. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कॉफी बर्फासारखी गार झाली होती. आम्ही ती सरबतासारखी प्यालो आणि प्रत्येकाने छान आहे म्हटलं.

वरचा मजला पुढे खरोखर झाला, पुढच्या वर्षी नव्हे पण त्याच्या नंतरच्या. पहिल्या थराचे दगड अबू सख्रनी स्वतः लावले आणि नाजिहशी रोज भांडले. तो कागद त्यांनी कामावरच वापरला, सिमेंटने त्याच्या पार चिंध्या झाल्या. त्यानंतर नाजिह छापलेला कागद कधीच न उघडता नेत नसे. दुकानाबाहेर कुणाच्याही गाडीच्या टपावर पसरून आधी भिंती बघायचा. गाडीवाला ओरडला तर त्यालाही दाखवायचा.

नाजिह वर राहायला गेल्यापासून आमचं बोलणं बहुधा छतावरूनच व्हायचं. पाणी आठवड्यातून एकदाच येतं, तेव्हा सगळी गल्ली टाक्यांपाशी असते. तो जायच्या आदल्या दिवशीही कठड्यावर टेकून उभा होता, डोक्याला मफलर.

"अम्मो, तुमच्याकडे पाणी आलं का?"

"आलं."

"टाकीत चढतंय?"

"चढतंय."

"मग मीही मोटर लावतो."

"लाव."