गेटबाहेरची अंडी

अध्यक्षसाहेबांनी टेबलावर कागद पसरला होता आणि त्यावर अंड्याची टरफलं होती.

"डॉक्टर, हे बायकांच्या वॉर्डात सापडलं," ते म्हणाले. "आपलं हॉस्पिटल कुणाच्या देणगीवर चालतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. सत्तरच्या दशकात सांगलीतल्या आमच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलाचे देणगीदार कट्टर शाकाहारी, त्यामुळे अंडं-मटण कंपाउंडच्या आत चालत नसे. अंडी मीच आणायला सांगितली, असं मी सरळ सांगून टाकलं.

पेशंट होती सुशीला, पलूसकडची, विशीतली. तिचं आतडं एका जागी आवळत गेलं होतं. खाल्लं की कळा आणि उलटी, म्हणून बिचारीनं कित्येक महिने खाणंच सोडलेलं. मी आवळलेला तुकडा काढला, टोकं जोडली. सांधा छान टिकला, पण पोटावरची जखम काही भरेना. कडा फिक्या, पायांवर सूज. लोकांना वाटतं, टाक्यांनी जखम भरते. टाके फक्त कडा धरून ठेवतात. भरायचं काम शरीराचं, आणि त्याला लागतं प्रोटीन. तेच तिच्या अंगात उरलं नव्हतं. जोराचा खोकला आला असता तरी पोट उसवलं असतं आणि मग ती हाती लागली नसती.

दुधानं तिला जुलाब व्हायचे, डाळीनं पोट फुगायचं. राहिली अंडी. सासू पारूबाई आधी ऐकेना. अंड्यानं टाके पिकतात, असं तिचं ठाम मत. मी धोका समजावला तशी तिनं हट्ट सोडला.

"पोरगा मिलिट्रीत हाय," ती म्हणाली. "त्येला मी काय तोंड दावू?" दुसऱ्याच दिवशी घरच्या कोंबड्यांची अंडी घेऊन हजर.

हे सगळं मी अध्यक्षांना सांगितलं. "साहेब, अंडी बंद केली तर ही मुलगी जगेल याची खात्री मी देत नाही."

त्यांनी टरफलं कागदात गुंडाळली. माणूस भला होता, पण नियमाला पक्का.

"गेटच्या बाहेर कोण काय खातं, ते बघायला मी येत नाही," ते म्हणाले.

मग पोटाला पट्टा बांधून सुशीलाची वरात रोज सकाळ-संध्याकाळ व्हीलचेअरवरून गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊ लागली. टपरीवाला अंडी उकडून द्यायचा. एकदा व्हीलचेअर रिकामी नव्हती, तेव्हा ती सासूच्या खांद्याला धरून चालत गेली. "एवढ्याशा अंड्यापायी किती चालवत्यात," म्हणून कुरकुरली, पण पुढे रोज चालतच गेली. पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंटनं चालावं, म्हणजे छातीत कफ साठत नाही. हे सांगून माझा घसा बसायचा, तरी कुणी खाट सोडत नसे. इथे न सांगता काम होत होतं.

पायांची सूज उतरली. एका सकाळी ड्रेसिंग सोडलं तर जखमेच्या तळाशी लालचुटूक दाणे दिसले. जखम भरायला लागल्याची ती खूण. मला एवढं हायसं वाटलं, की सिस्टरसमोरच खुर्चीत बसलो आणि चहा मागवला.

घरी गेल्यानंतर सुशीला पुन्हा तपासणीला आली तेव्हा अंगानं भरली होती. पारूबाईच्या काखेत जिवंत कोंबडी, अध्यक्षसाहेबांसाठी. वॉचमननं अडवलं. निरोप गेला, तसे साहेब स्वतः खाली उतरले आणि गेट ओलांडून बाहेर जाऊन उभे राहिले.

"आवं घ्या सायेब, तुमच्यामुळं पोरगी उठली," पारूबाई म्हणाली.

साहेबांनी कोंबडीला हात जोडले आणि ती टपरीवाल्याच्या स्वाधीन केली.

तेव्हापासून घाईची केस नसेल तर पेशंटचं पोट तपासायच्या आधी मी त्याच्या ताटाची चौकशी करायला लागलो. त्या कोंबडीची अंडी पुढे माझ्या बऱ्याच पेशंटांनी खाल्ली. गेटच्या बाहेर, अर्थातच.