मांडवात बर्फ पाडणारे भावोजी

देवाने हे जग कच्चं ठेवलं आणि पक्कं करायचं काम आपल्या गळ्यात घातलं, अशी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची ठाम समजूत आहे. पोलादपूरला एसटी स्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या कॅसेटी काढून देत होते तोवर भावोजी चारचौघांसारखे होते. दोन हजार सालानंतर कधीतरी त्यांनी मुंबईहून कम्प्युटर आणला, कुणीतरी त्यात एडिटिंगचं सॉफ्टवेअर भरून दिलं, आणि तेव्हापासून तालुक्यातलं एकही लग्न जसं झालं तसं कुणाला पाहायला मिळालं नाही. शिकवायला कोणी नव्हतं. भावोजी एकेक बटण दाबून बघत आणि जे होईल ते गोड मानून घेत.

आधी त्यांच्या हाती टायटलं लागली. नवरदेवाचं नाव डावीकडून धावत यायचं, नवरीचं वरून कोसळायचं, दोन्ही एकमेकांवर आपटून ठिणग्या उडायच्या. ‘अहो, हे लग्न आहे की अपघात?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘मेव्हणे, महाडला एकाच्या तरी ठिणग्या उडतात का, दाखवा.’ मग मास्क आला. मास्क म्हणजे चित्र हव्या त्या आकारात कापून घ्यायचं. भावोजींचा आकार एकच, बदाम. वधूवर बदामात, करवल्या बदामात; एका लग्नात तर भटजी आणि आचारी एकाच बदामात शेजारी शेजारी आले, आणि ते भटजी पुढे कितीतरी दिवस भावोजींशी बोलत नव्हते.

पार्श्वभूमी बदलायची विद्या आली तेव्हा मात्र कहर झाला. दुकानात हिरवंगार कापड टांगायचं, माणसाला त्यापुढे उभं करायचं. मग कम्प्युटर हिरवं तेवढं पुसून टाकतो आणि तिथे आपण म्हणू तो देखावा येतो. वरंधच्या एका जोडप्याला त्यांनी बर्फात नेलं. नवरदेव कोटात घामाने थबथबलेला, रुमालाने मान पुसतोय, आणि मागे हिमवर्षाव. असलं काही तयार होत असताना घरात मिक्सर लावायला बंदी असे, कारण व्होल्टेज पडलं की केलेलं सगळं जाई. ताई पाट्यावर चटणी वाटता वाटता म्हणे, ‘ह्यांनी लोकांच्या मांडवात बर्फ पाडायचा आणि आम्ही इथं पाटा-वरवंटा घेऊन बसायचं.’

एकदा आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीतला माणूस दुकानात आला. मस्कतला हॉटेलात आचारी होता. लेकीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नव्हती, कन्यादान चुलत्याने केलं होतं. त्या लग्नाचं शूटिंग भावोजींचंच. तो बाकावर टेकला आणि म्हणाला, ‘भाऊ, तुमी कुनालापन कुठंपन नेता म्हनं. मला माज्या पोरीच्या मांडवात न्या.’

भावोजींनी हे काम अंगात आल्यासारखं घेतलं. नुसता बाप चिकटवून भागणार नाही, मुलगीही हवी, बापाचा हात तिच्या डोक्यावर पडायला हवा. मुलीला सासरहून बोलावलं. ती लग्नातला शालू नेसून आली, आणि लग्नाचंच चित्र म्हणून आईने तिला कासाराकडे नेऊन नवा हिरवा चुडा भरला. हिरव्या कापडापुढे हिरवा चुडा. आमच्यापैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नाही. नवरी म्हटल्यावर हातात हिरवा चुडा असायचाच, त्याकडे वेगळं कोण बघतो?

काम झाल्यावर मुलीचे आईबाप बघायला आले. मीही तिथे होतो. पडद्यावर मांडव आला, पाहुणे आले, पाहुण्यांपुढे बाप आला. त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. आणि लेकीची मनगटं गायब. चुड्याच्या जागी मागच्या सतरंजीचे पट्टे दिसत होते.

‘अगो बाय,’ आई हळूच म्हणाली, ‘पोरीच्या हातात चुडा नाय.’

बापाने मान खाली घातली. ‘ऱ्हाऊ द्या भाऊ,’ तो म्हणाला. ‘माजा पाय लागला नि चुडा गेला. मी नव्हतो तेच बरं हुतं.’

मुलगी सासरी परतली होती, बापाची रजा संपत आली होती, पुन्हा शूटिंग शक्य नव्हतं. भावोजींनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कम्प्युटरपुढे बसले. एका सेकंदाच्या दृश्यातसुद्धा कितीतरी चित्रं असतात. त्यातल्या प्रत्येक चित्रात, इथलं हिरवं पुसू नको म्हणून, त्यांनी चुड्याभोवती हाताने मास्क काढला. हात जरा हलला की पुन्हा नवा मास्क. डोळे सुजले, जेवणही तिथेच. ताईने आपणहूनच मिक्सर बंद ठेवला.

बाप निघायच्या दिवशी, एसटी यायच्या आधी, दोघं पुन्हा दुकानात आली. चुडा होता. बापाने ते दृश्य परत लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. बायकोला म्हणाला, ‘बघ, मी हुतो नि काकनं हायत.’ सीडी त्याने आपल्या हाताने तिच्या पिशवीत ठेवली. भावोजी उगाचच कापडाची घडी घालत राहिले.

आता लग्नांना महाडची पोरं कॅमेरे उडवत येतात. भावोजी झेरॉक्स काढतात आणि पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी पांढरी करून देतात. पांढऱ्यापलीकडे कुणाला काही नको, याचं त्यांना वाईट वाटतं. खरं सांगायचं तर मलाही वाटतं. कुठल्याही लग्नात गेलो की डोळे ठिणग्या शोधतात. तो आचारी मस्कतहून कायमचा परतला, पण फार जगला नाही. परवा त्याची लेक मुलांचे फोटो काढायला दुकानात आली होती. भावोजींनी जरा भीतभीतच विचारलं, ती सीडी अजून चालते का.

‘पोरं लावतात की,’ ती म्हणाली. ‘त्यांना वाटतं, आजोबा लग्नात हुते. मी काय बोलत नाय. मलापन आता तसंच आठवतं.’