धानाच्या मुळाशी सिमेंट

नातीने फोन माझ्या नाकापुढे धरला. "आजी, पाह्य ना! तुह्या पेपरचे सायटेशन कसे वाढून राह्यले!"

ती नागपूरला पेशींवर संशोधन करते, सुटीत माझ्याकडे आली होती. मीही तेच केलं, गडचिरोलीच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता. उभ्या जन्मात एकच धड पेपर छापून आला. धानाच्या मुळांच्या टोकातल्या पेशी दिवसाच्या कोणत्या वेळी विभागतात, यावर. कुणी स्वतःच्या लेखात आपल्या पेपरचा संदर्भ दिला की ते एक सायटेशन. माझ्या पेपरला वर्षानुवर्षं कुत्रं विचारत नव्हतं. आणि आता एकाएकी एवढी गर्दी?

तरुणपणी हे झालं असतं तर मी गल्लीभर पेढे वाटले असते. तेव्हा परदेशातून एक कार्ड आलं होतं, 'आपल्या लेखाची प्रत पाठवावी,' एवढंच. ते पर्समध्ये घालून मी लोकांच्या लग्नांना जायची. भाजीवालीलाही दाखवलं. तिने उलटसुलट करून विचारलं, "काऊन बाई, दुसरी नोकरी लागली का कुठी?" काय ते ध्यान होतं माझं!

आता मात्र मनात पाल चुकचुकली. "उघड ते सगळे," मी म्हटलं. "कोण आहेत पाहू."

पहिला लेख सिमेंटवर. दुसरा कोळंबीच्या खाद्यावर. तिसरा शहरातल्या रहदारीवर. मध्येच कुठेतरी 'पेशी महत्त्वाच्या असतात' असं एक वाक्य, आणि पुढे माझं नाव. एकमेकांची नावंही त्यांनी अशीच घातलेली, तीच ती माणसं, आलटून पालटून. मला आमच्याकडचा रोवणा आठवला. आज सारे तुमच्या शेताच्या बांधीत धान रोवतात, उद्या तुम्ही त्यांच्या बांधीत. पण तिथे कंबर मोडते. इथे कुणाच्या पायाला चिखल लागला नव्हता.

"पण आजी, यायनं तुले काऊन घेतलं?"

उत्तर त्याच आठवड्यात दारात उभं राहिलं. माझा जुना विद्यार्थी, आता कॉलेजात माझ्याच विभागाचा प्रमुख, पेढ्यांचा डबा घेऊन.

"मॅडम, तुमचा सत्कार ठेवून राह्यलो. शाल, श्रीफळ, सगळं. कॉलेजच्या तपासणी समितीसमोर. आपल्या विभागाचा सायटेशनचा आकडा पाहा कसा वर गेला!"

"मी तर रिटायर झाली न रे बाबू. माझा आकडा विभागात कसा?"

"पेपरवर पत्ता विभागाचाच आहे न, मॅडम."

"अस्सं. काय आहे त्या पेपरात?"

"धान आहे न."

"धानाचं काय?"

त्याने चहा बशीत ओतला आणि फुंकत बसला. चहा केव्हाच थंड झाला होता.

"आणि तो सिमेंटवाला कोण लागते तुझा?"

"साळा लागते," तो बोलून गेला.

शाल घेतली असती तर माझा तो एकुलता एक पेपर यांच्या थापांवरचं झाकण झाला असता. तेवढ्यात नात आतून ओरडली, "आजी, एक खरा आहे!"

तो लेख सिरोंच्याकडच्या एका संशोधक बाईंचा होता. त्यांनी माझ्याच पद्धतीने मुळं कापली, काचेवर दाबली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आणि लिहिलं, की मी सांगितलेल्या वेळी पेशी विभागताना दिसल्याच नाहीत.

माझ्यातली ती कार्डवाली फणफणली. कोण ही शहाणी! पण या शहाणीने पेपर वाचला होता. वाचून हात खराब केले होते.

"सत्कार घेते," मी प्रमुखाला म्हटलं. "पण या बाईंना बोलाव. माझं कुठे चुकलं ते समितीसमोर सांगू दे त्यांना. आणि साळ्यालाही आण. सिमेंटात माझं धान कसं उगवलं, तो सांगेल."

डबा ठेवून तो जो गेला, तो अजून फिरकला नाही. पेढे बरे होते.

बाईंना मी स्वतः फोन केला. उद्या त्या येणार आहेत. परातीत ओल्या फडक्यावर धान घातलंय, मुळं फुटलीत. नातीचा सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडलाय. बाईंवर माझा विश्वास नाही. खरं म्हणजे त्या कार्डवालीवरही नाही.