मामाचा पालथा फोन

मामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हैदराबादेत कुकटपल्लीच्या ऑफिसात बसून एका ग्राहकाला कामाची तारीख देणार होते. "मॅडम, पण नक्की कधी होणार?" असं तो तिसऱ्यांदा विचारत होता, मी तोंड उघडणार तेवढ्यात मामीचा फोन. "मिनू... हे गेले गं." एवढंच बोलली. मागे कुणीतरी तेलुगूत स्ट्रेचर बाजूला घ्यायला सांगत होतं. ग्राहकाला काय सांगून उठले ते आता आठवत नाही. पण लिफ्टमध्ये शिरताना मनात आलं ते भलतंच होतं. म्हटलं, बरं झालं, तारीख दिली नाही. काम काय आहे ते कळायच्या आत तारीख देणाऱ्याला मामा 'पंचांगवाला' म्हणायचा, आणि त्या पदवीची सगळ्यात जुनी मानकरी मीच होते. लिफ्ट खाली पोचेपर्यंत मला हसू आलं होतं आणि दार उघडलं तेव्हा मी रडत होते.

श्रीधर माझ्या आईचा धाकटा भाऊ. घर नारायणगुड्यातलं. आजोबा वकील, थोरला मामा कॉलेजात शिकवायचा, आणि हा एकटा कॉम्प्युटरमध्ये गेला. तोही कोड लिहायला नाही, तर कोड लिहिणाऱ्यांचं काम मार्गी लावायला. आजोबांना हे अखेरपर्यंत समजलं नाही. "तू लिहीत नाहीस, मशीन दुरुस्त करत नाहीस, मग तुला ठेवलंय कशाला?" असं ते जेवताना विचारायचे. मामा शांतपणे भात कालवत म्हणायचा, "सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावतो, बाबा." आजोबा आजीकडे बघून म्हणायचे, "हे तर ही फुकट करते."

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे दोन पदव्या आणि तीन प्रमाणपत्रं होती. मामानं ती सगळी नीट बघितली, परत दिली आणि रविवारी सकाळी यायला सांगितलं. त्याच्या पुढच्या खोलीत मी आणि माझ्यासारखे आणखी चारपाच जण असायचो. या क्षेत्रात नवीन असलेल्यांना तो प्रकल्पाची बाराखडी शिकवायचा. फळा नाही, पडद्यावरची चित्रं नाहीत. पहिल्याच रविवारी त्यानं आम्हाला स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगितली. तरुणपणी एका खासगी गोदामाचा सगळा हिशोब संगणकावर आणून देण्याचं काम त्याच्याकडे होतं. करारात लिहिलेलं सगळं केलं, ठरल्या दिवशी केलं, बिर्याणी मागवून सोहळाही झाला. पुढे दसऱ्याच्या सुमाराला तो सहज तिकडे गेला, तर संगणकावर हळदकुंकू, झेंडूचा हार आणि वरून भरतकामाचा रुमाल. कुणी बटणच दाबलेलं नव्हतं. मालकानं कौतुकानं सांगितलं, "साब, इत्ती महंगी चीज है, किसी को हाथ नहीं लगाने देता मैं." संगणक त्याच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप, आणि माल मोजणारी माणसं बाहेर. त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. "वेळेत झालं, लिहिल्याप्रमाणे झालं, आणि कुणाच्याही उपयोगी पडलं नाही," मामा म्हणायचा, "म्हणून आधी विचारायचं, संपलं म्हणजे काय? कोण काय करायला लागलं की आपण संपलं म्हणायचं?"

हा प्रश्न त्यानं माझ्या लग्नातसुद्धा सोडला नाही. कार्य उभं राहिलं तेव्हा बाबांना समोर बसवून विचारलं, "भाऊजी, लग्न झालं म्हणजे काय झालं?" बाबा चिडले. पण त्या चिडण्यातूनच कळलं की बाबांच्या दृष्टीनं व्याही हसतमुखानं घरी गेले म्हणजे झालं, आईच्या दृष्टीनं एकही माणूस उपाशी गेला नाही म्हणजे झालं, आणि माझ्या दृष्टीनं काय, ते तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मामानं विचारलं. मी म्हटलं, मला दमून रडायचं नाहीये. त्यानं लग्नाच्या दिवशीचे निम्मे विधी आदल्या दिवशी नेऊन ठेवले. आणि मुहूर्ताच्या वेळी मामा कुठे? भाचीला बोहल्यावर न्यायला मामा हवा, तेवढं त्यानं केलं आणि नंतर नाहीसा झाला. मंगलाष्टकं चालू असताना हा समोरच्या इराणी हॉटेलात चहा पीत बसला होता, फोन टेबलावर पालथा ठेवून! मामी अगदी परवापरवापर्यंत त्यावरून बोलायची. पण ती त्याची जुनी रीत होती. ज्या दिवशी काम लोकांच्या हाती द्यायचं त्या दिवशी तो तिथून उठून जायचा. जवळचं इराणी हॉटेल गाठायचा, उस्मानिया बिस्किटं मागवायचा, फोन पालथा ठेवायचा आणि वाट बघायचा ती फोन न वाजण्याची. "मी असलो की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी नसताना चाललं, तर चाललं," असं त्याचं म्हणणं.

मग त्याच्या किडन्यांनी असहकार पुकारला. मलकपेठेत रेसकोर्सच्या अलीकडे एका ट्रस्टचं डायलिसिसचं लहानसं केंद्र आहे, तिथे तो आठवड्यातून तीनदा मशीनवर पडून राहायचा. माणसं चांगली, उपचार चांगले, पण पाळीचा सगळा गोंधळ. एखादं मशीन बंद पडलं की सगळ्यांच्या वेळा सरकायच्या आणि ते कुणाला कळायचं नाही. लांबून जिल्ह्यातून बस बदलत आलेली म्हातारी माणसं, पाय सुजलेले, बाकावर दिवस काढायची. मामानं महिनाभर ते पाहिलं. एक दिवस मला म्हणाला, "मिनू, या लोकांना आदल्या संध्याकाळी एवढंच कळलं पाहिजे की उद्या यायचं का, आणि कधी. एवढं करून द्यायचं मला." मी विचारलं, "आणि संपलं म्हणजे काय?" तो खूश झाला. म्हणाला, "बाहेरचा बाक रिकामा दिसला की संपलं."

पहिली बैठक त्याच्याच पुढच्या खोलीत झाली. तिथे मी होते, माझ्या ऑफिसातला फरहान होता, ज्याच्या हातात कोडाच्या बाबतीत जादू आहे, केंद्रातल्या मुख्य नर्स विजया सिस्टर होत्या, आणि चहाचा ट्रे घेऊन उभी मामी. मामाची पहिल्या दिवसाची रीत ठरलेली. सुरुवात करण्याआधी काम फसलं असं समजायचं आणि का फसलं ते प्रत्येकानं सांगायचं. "समझो, डूब गया," तो म्हणाला, "अब बोलो, कायकू डूबा?" फरहान म्हणाला, मेसेज गेलेच नाहीत. विजया सिस्टर म्हणाल्या, "सर, फोन तो बेटे का नंबर रहता. बेटा बेंगलोर में. अम्मा को कौन बताता?" हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मग मामानं मामीकडे बघितलं. ती म्हणाली, "मी काय सांगू बाई तुमच्या कॉम्प्युटरचं? पण संध्याकाळी ये म्हणून कळवलं, आणि सकाळी माणूस घरातून निघाल्यावर मशीन बिघडलं तर?" मामानं कप खाली ठेवला. "ऐकलंत? सगळ्यात मोठं भोक हिनं दाखवलं." मामी लाजून आत गेली, पण त्या दिवसापासून बैठक असली की ती ट्रे ठेवून आमच्यात बसायची.

काम सुरू झाल्यावर ट्रस्टच्या एका विश्वस्तांना उत्साह आला. त्यांना मोबाइल अ‍ॅप हवं होतं, त्यावर विश्वस्तांचे फोटो, देणगीदारांसाठी पान आणि रंगीत आलेख. फरहान घाबरला, मी भांडायच्या पवित्र्यात. मामानं मात्र आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. मशीनवर पडल्या पडल्या, हातात सुया, तो हसून म्हणाला, "हौ साब, करेंगे ना. बस ये बताओ, इसके बदले क्या निकालना?" विश्वस्त बुचकळ्यात पडले. "निकालना?" "वक़्त उतनाच है, लोगाँ उतनेच हैं. कुछ डालना तो कुछ निकालना पड़ता. अम्मा लोगों के मेसेज निकालूँ?" विश्वस्तांनी दाराबाहेरच्या बाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "नक्को नक्को, फोटो बाद में देखेंगे." जाताना त्यांनी मामाच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

मामाला शेवटचं भेटले ती दुपार. काम होत आलं होतं, पण झालं नव्हतं, आणि मामा खालावत चालला होता. केंद्रात मशीनचा घरघर आवाज चालू, खिडकीतून ऊन. मी शेजारी स्टूलवर बसून सांगत होते, अजून दोन गोष्टी राहिल्यात, मग चाचणी, मग... त्यानं हात वर केला. "मिनू, रविवारचं आठवतं का? प्रकल्पात तीन गोष्टी. काम, वेळ, माणसं. एक अडकली तर दुसरी हलवायची." मी मान हलवली. "माणसं वाढत नाहीत. वेळ आता माझ्या हातात नाही. मग?" मी मशीनवरच्या आकड्यांकडे बघत राहिले. "बोल की. परीक्षा घ्यायलो तुझी." मी म्हटलं, "काम कमी करायचं." "शाब्बास. त्या दोन गोष्टी काढून टाक. मेसेज जाऊ देत फक्त, आदल्या संध्याकाळचे आणि ऐनवेळचे. आणि मिनू... त्या दिवशी बाहेर जाऊन बसायचं. जमेल ना?" मी म्हटलं, "तू जाऊन बस की. इराणी चहा घे, फोन पालथा ठेव." तो म्हणाला, "मला वाटतं, मी जरा आधीच जाईन." आणि हसला. मी त्याला म्हटलं की असले विनोद करू नकोस. हे त्याच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य.

त्याचे दिवस झाले आणि पुढच्या आठवड्यात केंद्रात मेसेज सुरू करायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मेसेज गेले. सकाळी मी तिथे पोचले तेव्हा मामी आधीच येऊन बसली होती, मामाचा फोन पदराखाली हातात धरून. अडचण आली तर कुणाला फोन करायचा, म्हणून विजया सिस्टरांच्या टेबलावरच्या भिंतीला अजून मामाचाच नंबर चिकटवलेला होता. काढायचं धाडस कुणाला झालं नव्हतं. मी फरहानच्या खुर्चीमागे उभी राहिले. त्याच्या खांद्यावरून पडदा बघायला लागले. तो टाइप करताना चुकायला लागला. मला दिसत होतं की तो माझ्यामुळे चुकतोय, तरी माझे पाय तिथून निघेनात. इतक्या लोकांचा दिवस याच्यावर, आणि मामाचं शेवटचं काम... ते माझ्या नजरेआड बुडालं तर? तेवढ्यात मामीनं माझा दंड धरला. "चल, ऊठ इथनं. त्यांच्या जागी तू आहेस ना? मग इथं काय करायलीस?"

केंद्राजवळच्या इराणी हॉटेलात मामी पहिल्यांदाच आली. खिडकीजवळच्या संगमरवरी टेबलाशी आम्ही बसलो. वेटर मामाला ओळखणारा; त्यानं काही न विचारता दोन चहा आणि बिस्किटं आणून ठेवली, आणि तिसऱ्या खुर्चीकडे बघून निघून गेला. मामीनं फोन पदरातून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. चहावर साय आली. मी बोलायचा प्रयत्न केला, तिनं नुसतं हातानं थांबवलं. एकदा फोन हलल्यासारखा वाटला, दोघींनी एकदम हात पुढे केले. बाहेरून लॉरी गेली होती. "असं बसायचे होय हे," मामी म्हणाली, "मला वाटायचं, मजा करायला पळतात." मग ती रडली, मोठ्यानं, आजूबाजूला कोण आहे ते न बघता. मीही रडले. मामा मला किती हवा होता हे मला तेव्हा कळलं. निरोप आल्यापासून कळलं नव्हतं इतकं.

दुपारी परत गेलो. बाहेरचा बाक रिकामा होता. एक मांजर त्यावर ऊन खात पडलं होतं, बस. आत फरहान डबा उघडून बसलेला. मी विचारलं, सगळं ठीक? तो घास गिळून म्हणाला, "हौ आपा. सुबह एक मशीन बैठ गई थी. दो जने घर से निकल गए थे, उनकू फ़ौरन मेसेज गया. एक बस स्टँड से वापस गए, एक अम्मा को सिस्टर ने फोन पे शाम का टाइम दिया. हो गया." मामीनं सांगितलेलं भोक बरोबर पहिल्याच दिवशी उघडलं होतं, आणि बुजलंही होतं. माझा आवाज जरा चढलाच. "मशीन बंद पडलं आणि मला फोन नाही केला? या नंबरवर तरी?" फरहान गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "कायकू करना था, आपा?"

मामीनं माझा हात घट्ट धरला. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "झालं गं मिनू," ती म्हणाली, "यांचं झालं."

परवा नारायणगुड्याला गेले होते. पुढच्या खोलीत मामाची खुर्ची तिथेच आहे, शेजारच्या तिपाईवर त्याचा फोन. मामी तो रोज चार्ज करते आणि पुसून तिथेच पालथा ठेवते. बंद का करत नाहीस, असं विचारणार होते. मग तिच्याबरोबर चहा घ्यायला बसले, आणि आम्ही दोघी बराच वेळ तो न वाजणारा फोन ऐकत राहिलो.